विश्लेषण : महाविद्यालयातील आंदोलन कधी हक्क, कधी गुन्हा? भोर-वेल्ह्याच्या विद्यार्थ्यांसाठी नियम काय?

रखडलेली शिष्यवृत्ती, निकालातील गोंधळ, एसटीच्या अपुऱ्या फेऱ्या. यांपैकी कोणत्याही कारणावरून भोर किंवा वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारात बसले, तर पहिला प्रश्न येतो, ‘परवानगी घेतली का?’ कायदा मात्र त्यापुढचेही प्रश्न विचारतो. आंदोलन कुठे आणि कसे झाले? आणि कारवाई करण्याआधी विद्यार्थ्यांचे कुणी ऐकले का?

राज्यघटना काय सांगते?

अनुच्छेद १९ नुसार प्रत्येक नागरिकाला मत मांडण्याचा, तसेच शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. महाविद्यालयात प्रवेश घेतला म्हणून तो संपत नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर निर्बंध घालता येतात, मात्र ते वाजवी असावे लागतात.

मनाई आदेश कोण काढतो?

पुणे शहरात पोलीस आयुक्त. भोर आणि राजगड ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने तेथे हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. असा आदेश न्यायालयात टिकतोच असेही नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावात नागरिकत्व कायद्याविरोधात धरणे धरण्यास याच कलमाच्या आधारे परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना केवळ त्यासाठी देशद्रोही म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

हक्काची सीमा कुठे?

पुण्यातील ‘एफटीआयआय’चे उदाहरण बोलके आहे. अध्यक्षपदी गजेंद्र चौहान यांच्या नियुक्तीविरोधात १२ जून २०१५ रोजी सुरू झालेला संप १३९ दिवस चालला. त्यात पोलिसी अटकेची वेळ आली ती ऑगस्टमध्ये, विद्यार्थ्यांनी संचालकांना त्यांच्याच कार्यालयात काही तास घेराव घातल्यानंतर. घोषणा, फलक, वर्गावरील बहिष्कार हा निषेध झाला. कुणाला अडवून वा कोंडून ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. शाहीनबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२० मध्ये निषेधाचा हक्क मान्य केला, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असे स्पष्ट केले.

महाविद्यालय कारवाई करू शकते का?

करू शकते, पण विद्यार्थ्याची बाजू ऐकून आणि चुकीच्या प्रमाणात. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’वरील समाजमाध्यमातील मजकुरामुळे पुण्यातील १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला अटक झाली आणि महाविद्यालयानेही तिला काढून टाकले. तिने मजकूर हटवून माफी मागितली होती. २७ मे रोजी उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेचा मार्ग मोकळा केला. म्हणणे मांडण्याची संधी न देता झालेली कारवाई न्यायालयाला खटकली. त्याच महिन्यात मुंबईतील ‘टिस’च्या एका संशोधक विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे निलंबनही सर्वोच्च न्यायालयाने तोवर भोगलेल्या काळापुरते मर्यादित केले.

तालुक्यात अडचण वेगळी का?

शहरात संघटना, वकील आणि माध्यमे हाकेच्या अंतरावर असतात. तालुक्यातील छोट्या महाविद्यालयात सगळेच एकमेकांना ओळखतात आणि अंतर्गत गुणही तेच प्राध्यापक देतात. त्यामुळे तोंड उघडण्याची किंमत जास्त वाटते. दाद मागायची तर विद्यापीठ गणेशखिंडीत. निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधी ही दरी भरू शकला असता. पण १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, पण २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. बोलायला अधिकृत जागा नसली की गाऱ्हाणे रस्त्यावर येते आणि मग तोच सुव्यवस्थेचा प्रश्न ठरतो.

आंदोलनाआधी काय करता येईल?

‘यूजीसी’च्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. त्यावर ३० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तक्रार लेखी द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. धरणे धरायचे ठरल्यास जागा, वेळ आणि अंदाजे संख्या प्राचार्य व पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावी आणि परवानगी नाकारल्यास कारणही लेखी मागावे. पुढे वाद न्यायालयात गेलाच, तर विद्यार्थी शांततेने वागले आणि प्रशासनाने त्यांचे ऐकले नाही, हे दाखवायला हेच कागद उपयोगी पडतात. महाविद्यालयासाठीही हिशेब सोपा आहे. समितीची बैठक वेळेवर झाली, तर पोलिसांना बोलावण्याची वेळ सहसा येत नाही.