ब्रेड विकायचाय? मग कप बाजूला ठेवा

घरगुती बेकरी सुरू करणारे सगळे आधी ओव्हनची चौकशी करतात. वजनकाट्याची कुणीच करत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा.

कपाची गंमत बघा. मैदा चमच्याने हलका हलका भरला तर कपात साधारण 120 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला की 150 च्या आसपास जातो. म्हणजे चार कपांच्या रेसिपीत एकदा 480 ग्रॅम, एकदा 600. पाणी मात्र दोन्ही वेळा 325 मिली. मैद्याच्या मानाने पाणी पहिल्या वेळी 68 टक्के, दुसऱ्या वेळी 54. एक पीठ हाताला चिकटणार, दुसरं मळता मळता दमवणार. 120 ग्रॅम मैद्याचे पैसे किरकोळ आहेत हो, नुकसान होतं ते दुसऱ्या ऑर्डरचं. गिऱ्हाईक मागच्या रविवारचाच ब्रेड मागायला आलेलं असतं.

"आजी कुठे काटा घेऊन भाकरी करायची?" हा प्रश्न ठरलेला. बरोबर आहे. पण भाकरी तव्यावरून थेट ताटात जाते, तिच्यावर किंमत छापायची नसते. आणि आजीचा हात मदतनीस ताईंना देता येत नाही. आकडा देता येतो.

बेकरीवाले सगळं मैद्याच्या टक्क्यांत मोजतात. मैदा 100, पाणी 65, मीठ 2, इन्स्टंट यीस्ट 1. बेरीज 168. आता 400 ग्रॅमचा ब्रेड द्यायचाय. भाजताना साधारण 12 टक्के वजन उडतं, म्हणून गोळा 460 चा धरा. 460 भागिले 1.68, मैदा आला 274 ग्रॅम. दहा ब्रेडची ऑर्डर आली? 2 किलो 740 ग्रॅम. कॉस्टिंग इथूनच सुरू होतं. कपावर कॉस्टिंग करून दाखवा बरं!

एका ब्रेडला यीस्ट पावणेतीन ग्रॅमच लागतं. एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा किचन काटा तिथे गंडतो, 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वेगळा घ्या. आणि पाकिटावर निव्वळ वजन छापणार असाल तर ते किचन काट्यावर ठरवू नका. त्यासाठी वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटाच लागतो.