आजच्या दिवस सोडा ना, साहेब

लोणावळ्याच्या राजमाची पॉइंटवर गाडी थांबली की माकडं माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. चिक्कीचा कागद चुरचुरला की बॉनेटवर उडी. परवा एकाने हिसकावलेली पिशवी रिकामी निघाली. त्याने ती उलटी केली, आत तोंड घातलं, पुन्हा झटकली आणि दात विचकून शेजारच्या गाडीचा वायपर धरला.

या चिडण्यामागचं गणित मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांच्याच मेंदूत मोजलं. खूण दिसली की रस मिळतो, हे एकदा अंगवळणी पडलं की डोपामिनच्या पेशी रसाला नाही, खुणेलाच उसळतात. मग रस आलाच नाही, तर तो ज्या क्षणी यायचा त्याच क्षणी त्या नेहमीपेक्षाही गप्प होतात. असं वारंवार झालं की मेंदू अपेक्षा उतरवतो. पण लगेच नाही. मिळणं थांबलं की आधी खटपट वाढते, मग ओसरते. रोज मिळणाऱ्यापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्याची आशा जास्त चिवट असते. ओसरलेली सवयही पुसली जात नाही. दबून राहते आणि एका वड्याने पुन्हा जागी होते.

हे फक्त माकडांचं नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्यातल्याच भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. बंदीचे आदेश निघाले. पण बॅरिकेडपाशी पावसाळी रविवारी उभं राहून बघा. मुंबईहून घाटातल्या कोंडीत तासन्‌तास घालवून आलेला माणूस आधी विनवतो, मग आवाज चढवतो, मग कुणाची तरी ओळख सांगतो. ही खटपटीची चढती कळा आहे. ती ओसरेपर्यंत तग धरायचा असतो. नेमका तेव्हाच दहातल्या एकाला ‘पाच मिनिटांत या’ म्हणून सोडलं जातं. बाकीचे नऊ ते बघतात. भर पावसात उभ्या हवालदाराला दोष देणं सोपं आहे, पण अशी ढिली बंदी मोकळ्या वाटेपेक्षा वाईट. ती माणसाला हुज्जत घालायला शिकवते.

शिवाय धरणापासून हाकेच्या अंतरावर ‘बंद’ सांगण्यात काय हशील? तोवर पोरांनी कपडेसुद्धा बदललेले असतात. भंग व्हायला आधी अपेक्षा लागते. ती घाटाखालीच उतरवता येते. मक्याची कणसं भाजणाऱ्याचा धंदा त्या दिवशी बसेल, हे खरं. तरीही बंदी असेल त्या दिवशी ठळक पाटी खालापूरच्या टोलनाक्यावर लावा, आणि बॅरिकेड संध्याकाळपर्यंत कुणासाठीही हलवू नका. आणि वाचकहो, राजमाचीला गेलात तर वडा स्वतःच खा.