विश्लेषण : उठून उभं राहताच वृद्धांना अंधारी का येते? मेंदूच्या रक्तपुरवठ्याचं नेमकं काय होतं?

पहाटे आजोबा लघवीसाठी उठतात, दोन पावलं टाकतात आणि डोळ्यांपुढे अंधारी आल्याने दाराची चौकट धरतात. ‘वय झालं, अशक्तपणा आलाय’ असं घरचे म्हणतात आणि टॉनिकची बाटली येते. प्रत्यक्षात इथे प्रश्न बहुतेकदा ताकदीचा नसतो, काही सेकंदांच्या उशिराचा असतो.

उभं राहिल्यावर काय घडतं?

माणूस उभा राहताच गुरुत्वाकर्षणामुळे साधारण अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोटाकडच्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाब घसरतो. मेंदू हृदयाच्या वर असल्याने त्याला हा फटका लगेच बसतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. शिवाय ऑक्सिजन साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही.

मग सगळेच का पडत नाहीत?

कारण बचावाच्या दोन फळ्या आहेत. पहिली रक्तदाबाची. मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब घसरताच ते मेंदूला कळवतात. मग हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तरुण, निरोगी माणसात साधारण अर्ध्या मिनिटात दाब सावरतो. दुसरी फळी मेंदूची स्वतःची. दाब कमी झाला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पुरवठा टिकवून धरतात.

वयानुसार काय बदलतं?

धमन्या ताठर होतात, त्यामुळे त्यांच्या भिंतीतल्या संवेदकांचा इशारा क्षीण होतो. ठोके पूर्वीसारखे झटकन वाढत नाहीत. पायांतलं रक्त वर ढकलणारे पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात. तहान कमी लागत असल्याने पाणीही कमी प्यायलं जातं. मधुमेहामुळे नसांना इजा झाली असेल किंवा पार्किन्सन असेल, तर अडचण आणखी वाढते.

विशेष म्हणजे मेंदूची स्वतःची फळी मात्र निरोगी वृद्धापकाळात बऱ्यापैकी शाबूत राहते, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं होतं. म्हणजे मेंदू आपल्या परीने लढत असतो. उशीर होतो तो खालून येणाऱ्या मदतीला. आयर्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या लोकांच्या दीर्घकालीन अभ्यासात ठोक्यागणिक रक्तदाब मोजला गेला. उभं राहिल्यावर ४० सेकंदांतही ज्यांचा दाब सावरला नव्हता, त्यांच्यात पुढे पडण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

याला इतकं महत्त्व का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे मरण पावतात आणि जिवावर बेतणाऱ्या पडण्याचं सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांमध्ये आहे. भारतात २०११च्या जनगणनेतच साठीपुढचे लोक १० कोटींवर होते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात (२०१६) उभं राहताना दाब घसरणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे १५ टक्के जास्त दिसला. अर्थात, दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

हे ओळखायचं कसं?

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी घसरला, तर त्याला ‘ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन’ म्हणतात. त्यासाठी महागडी तपासणी लागत नाही, साधं बीपीचं यंत्र पुरतं. पण दवाखान्यात बीपी बहुतेकदा बसवूनच मोजलं जातं आणि नेमकी ही घसरण नजरेतून सुटते. अनेकांना चक्कर येतही नाही, त्यामुळे त्रास नाही म्हणजे घसरण नाही, असं मानता येत नाही. पहिल्या मिनिटातलं मोजमाप अधिक बोलकं असतं, असं २०१७च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं.

बीपीची गोळी बंद करावी का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. प्रोस्टेटच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं आणि नैराश्यावरची काही औषधं यांमुळे दाब घसरू शकतो, म्हणून सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायला हवी. पण आटोक्यात नसलेला उच्च रक्तदाबही या घसरणीला हातभार लावतो. अनेक चाचण्यांच्या २०२१मधल्या एकत्रित विश्लेषणात रक्तदाबावर अधिक काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये हा त्रास उलट किंचित कमी आढळला.

घरी काय करता येईल?

झोपेतून उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं, पावलं वर-खाली हलवावीत, मुठी आवळाव्यात आणि मगच आधार धरून उभं राहावं. उकिडवं बसून उठताना दाब जास्त घसरतो, म्हणून भारतीय पद्धतीच्या शौचालयात भिंतीला धरायला दांडी बसवावी. रात्री पुरुषांनीही बसूनच लघवी करावी. उन्हाळ्यात, भरपेट जेवणानंतर आणि कडक पाण्याच्या अंघोळीनंतर विशेष जपावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दिवसभर पुरेसं पाणी प्यावं. अंधारी वारंवार येत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा पडणं झालं असेल, तर डॉक्टरांना गाठावं आणि एवढं नक्की सांगावं : ‘बीपी एकदा उभं करूनही मोजा.’