काळ थांबलेलं गाव?

जर्मनीतल्या रोथेनबुर्गचे फोटो दाखवले की घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं, "बघ, कसं जपलंय त्यांनी! नाहीतर आपल्याकडे..." पुढचं सगळ्यांनाच पाठ आहे. मीही ते बऱ्याचदा म्हटलंय. पण दोनदा ते गाव पाहिल्यावर आणि त्याबद्दल थोडंफार वाचल्यावर आता ते तोंडातून निघत नाही.

गाव सुंदर आहे, यात वादच नाही. टाउबर नदीच्या खोऱ्यावर उंचावर वसलेलं, भोवती तटबंदी. तटावर छप्पर आहे, त्याच्याखालून आरामात चालत फिरता येतं. खाली लाल कौलांची उतरती छपरं. दोन रस्ते फुटतात तिथलं ते किंचित कललेलं पिवळं घर तुम्ही एखाद्या कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. संध्याकाळी सहलींच्या बसेस गेल्या की कंदील घेतलेला 'रात्रीचा पहारेकरी' येतो आणि उरलेल्यांना गाव दाखवत गोष्टी सांगतो. मजा येते!

पण हे सगळं टिकलं कसं? जुन्यावर प्रेम होतं म्हणून? छे. पाडून नवं बांधायला पैसे नव्हते म्हणून. १२७४ साली थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र नगर झालेलं हे गाव एकेकाळी चांगलं श्रीमंत होतं. मग तीस वर्षांचं युद्ध आलं. १६३१ मध्ये टिलीच्या सैन्याने गाव घेतलं, १६३४ मध्ये प्लेग आला. गाव जे बसलं ते बसलंच. (महापौराने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवलं अशी एक आख्यायिका आहे. त्यावरचं नाटक १८८१ मध्ये पहिल्यांदा झालं, अजूनही होतं.) पुढे एकोणिसाव्या शतकात चित्रकार आणि प्रवासी येऊ लागले आणि त्याच गरिबीला सौंदर्य म्हणायला लागले.

पुण्यातला आमचा वाडा पाडायच्या कागदावर माझीही सही आहे. जुन्याचा तिटकारा होता असं नाही. वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, भाडी नावापुरती, आणि बिल्डर दारात उभा. रोथेनबुर्गच्या दारात बिल्डर दोनअडीचशे वर्षं फिरकलाच नाही, इतकाच काय तो फरक.

तरी बरं, सगळं जुनं जुनंही नाही. ३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले. माणसं मेली, पूर्वेकडची तीनशेवर घरं गेली, तटाचाही मोठा तुकडा गेला. नंतर जगभरातून देणग्या आल्या. तटावरून चालताना भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड दिसतात, आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तसे. म्हणजे ज्या 'मध्ययुगीन' भिंतीला टेकून मी फोटो काढला, तिचा काही भाग माझ्या वडिलांपेक्षा तरुण! यात फसवणूक झाली असं मला वाटलं नाही. उलट ते गाव जरा जास्तच आवडलं.

खटकलं ते दुसरंच. नाझींना हे गाव फार प्रिय होतं. आदर्श जर्मन गाव म्हणून इथे कामगारांच्या सहली आणल्या जायच्या. तीच कौलं, तेच बुरुज, तेच "बघा कसं जपलंय". आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये, देशभर सिनेगॉग जाळली गेली त्याच्याही आधी, इथल्या उरल्यासुरल्या ज्यूंना गावाबाहेर काढण्यात आलं. तेराव्या शतकात रब्बी मेइर हे मोठे धर्मपंडित याच गावात राहत होते, शिकवत होते. त्यांच्या लोकांची एक गल्ली अजून आहे, यूडनगासं नावाची, म्हणजे ज्यूंची गल्ली. गल्ली जपली, नावही जपलं...

पहिल्या खेपेला मी त्या गल्लीतून आइस्क्रीम खात गेलो होतो. पाटीवरचं नाव वाचलंही नव्हतं.

आता फोटो दाखवताना मी कललेल्या घरानंतर तिचाही दाखवतो. त्यात बघण्यासारखं फार काही नाही. अरुंदशी गल्ली, जुनी घरं, एका दारापाशी टेकवलेली सायकल. "हा कशाला काढलास?" असं कोणीतरी विचारतंच. मग सांगायला बसतो.