पर्यावरण लेखापरीक्षकाची परीक्षा आणि पुस्तकाचा प्रश्न

कारखान्याचे सांडपाणी, धूर आणि घातक कचरा नियमांत बसतो की नाही, हे तपासणारा खासगी लेखापरीक्षक यापुढे प्रमाणपत्राशिवाय काम करू शकणार नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांनी या प्रमाणपत्रासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. एक, उमेदवाराच्या पात्रतेची व पूर्वानुभवाची छाननी. दुसरी, राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा. प्रमाणपत्रानंतर नोंदणी आणि नोंदणीनंतरच प्रत्यक्ष काम, असा हा क्रम आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळांकडील अपुरे मनुष्यबळ हे या व्यवस्थेमागील उघड कारण आहे. परीक्षा म्हटली की चर्चा होते ती पात्रतेची आणि शुल्काची. मात्र, उमेदवाराने अभ्यास कशावरून करायचा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

आपल्याकडे अशा अभ्याससाहित्याची परंपरा घडलीच नाही, त्यालाही कारण आहे. सनदी लेखापालांसाठी १९४९चा, वकिलांसाठी १९६१चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२चा कायदा आहे. अभियंत्यांना परवाना देणारा देशव्यापी कायदा मात्र नाही. पदवी हाती पडली की अभियंता स्वाक्षरी करण्यास मोकळा! अमेरिकेत वायोमिंग राज्याने १९०७ मध्येच अभियंत्यांसाठी परवाना आणला आणि पुढे सर्व राज्यांनी ती वाट धरली. तेथे पर्यावरण अभियांत्रिकीसाठी स्वतंत्र व्यावसायिक परीक्षा आहे. ८० प्रश्न आणि आठ तासांचा वेळ असे तिचे स्वरूप. २०१९ पूर्वी ती कागदावर होत असे आणि उमेदवार पुस्तके, चिकटपट्ट्यांनी खुणा केलेली टिपणे, कोष्टकांच्या बांधीव वह्या असे सारे चंबूगबाळे बॅगांत भरून केंद्रावर नेत. काय सोबत न्यायचे, कोठे खूण करायची, हेच तयारीचे अर्धे शास्त्र बनले होते. एप्रिल २०१९ पासून परीक्षा संगणकावर गेली आणि सोबतची पुस्तके बंद झाली. आता परीक्षा घेणारी संस्थाच एक संदर्भपुस्तिका पडद्यावर देते. तीच पुस्तिका उमेदवाराला आधी विनामूल्य पाहता येते. सर्वांच्या हाती एकच साधन आल्याने कोणाकडे किती ग्रंथसंग्रह, हा भेद मिटला.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून बाहेर पडून अमेरिकेत स्थिरावलेले अनेक अभियंते ही परीक्षा देतात. त्यामुळे तेथील सरावपुस्तके येथे उतरवून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरलेला बरा. तेथील गणितांत गॅलन आणि पौंड यांचा मुक्त वावर असतो. सांडपाण्यातील प्रदूषणभार काढताना ८.३४ या आकड्याने गुणावे लागते, कारण एक अमेरिकी गॅलन पाणी तितक्या पौंडांचे भरते. मेट्रिक पद्धतीत हा आकडा लागतच नाही. दररोज एक कोटी लिटर सांडपाणी आणि प्रतिलिटर २५० मिलिग्रॅम जैविक ऑक्सिजन मागणी असेल, तर भार सरळ २,५०० किलो येतो. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी येथे ८.३४ शोधत बसेल. कायद्याची प्रकरणे तर मुळातच निरुपयोगी.

देशी साहित्याची अवस्थाही फारशी समाधानकारक नाही. पर्यावरण कायदा हा वेगाने शिळा होणारा विषय आहे. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, हे वाक्य जुन्या मार्गदर्शिकांत ठळक अक्षरांत आढळते. जनविश्वास कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आणि त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आला. ई-कचऱ्याचे २०१६चे नियम जाऊन २०२२चे आले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. पाणीपुरवठ्याची केंद्रीय नियमावली १९९९ची होती. तिची नवी आवृत्ती निघाली ती २०२४ मध्ये. पंचवीस वर्षे जुनी नियमावली आणि दोन वर्षांत पालटणारा कायदा एकाच पुस्तकात बसवायचे, तर त्या पुस्तकावर छापल्याची तारीखही पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत हवी. खासगी शिकवण्यांच्या झेरॉक्स टिपणांत नेमकी तीच नसते.

तरीही खरी कसोटी कायद्याच्या कलमांत नाही. एखाद्या कारखान्याच्या नोंदवहीत सांडपाणी शुद्धीकरण वर्षभर उत्तम चालल्याचे लिहिलेले असते. चांगला लेखापरीक्षक अशा वेळी गाळाची नोंदवही मागवतो. जैविक प्रक्रियेत प्रदूषण कमी झाले तर जीवाणूंचा गाळ तयार होणारच. गाळ शून्य आणि शुद्धीकरण शंभर टक्के, ही जोडी निसर्गात आढळत नाही. हवा फुंकणाऱ्या यंत्रांचे वीजबिल आणि रसायनांच्या खरेदीच्या पावत्या यांतूनही हीच गोष्ट उघडी पडते. 'गाळ म्हणजे काय' या व्याख्येवर एक गुण ठेवणाऱ्या परीक्षेतून असा माणूस निवडला जाणार नाही. वीजबिल, गाळ आणि प्रवाह यांचे आकडे समोर ठेवून विसंगती शोधा, अशा प्रश्नांचा सराव साहित्यात असला पाहिजे.

यासाठी देशातच एक नमुना उपलब्ध आहे. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्या राष्ट्रीय परीक्षा २००४ मध्ये सुरू केल्या. ब्युरोने स्वतःच चार मार्गदर्शक पुस्तके तयार करून सर्वांसाठी खुली केली आणि लेखापरीक्षकांसाठीची चौथी प्रश्नपत्रिका पुस्तके समोर ठेवून सोडवायची ठेवली. बॉयलर, पंप, पंखे यांची कार्यक्षमता प्रत्यक्ष आकड्यांवरून काढणे हा तिचा गाभा. पुस्तके अधिकृत आणि मोफत असल्याने छोट्या शहरातील उमेदवारालाही ती मिळू शकली.

अर्थात, उत्तम पुस्तक वाचलेला लेखापरीक्षकही खोटे लिहू शकतो. गुजरातमध्ये १९९६ पासून पर्यावरण लेखापरीक्षण सक्तीचे आहे. तेथील लेखापरीक्षक पात्रताधारक होते. पण त्यांना निवडत आणि पैसे देत होता तो कारखानदारच. एस्थर डुफ्लो यांच्यासह चार अर्थतज्ज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लेखापरीक्षकांचे आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने जमलेले आढळले. लेखापरीक्षक सोडतीने नेमून, मोबदला मध्यवर्ती निधीतून देऊन आणि काही तपासण्या पुन्हा करून पाहिल्यावर प्रदूषण मर्यादेत असल्याचे खोटे अहवाल सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. २०२५च्या नियमांनी यातील सोडतीची कल्पना स्वीकारली आहे.