धर्म बदलला तर आदिवासीपण जातं का?

गडचिरोलीची सीमा ओलांडली की छत्तीसगडचा बस्तर विभाग लागतो. तिथल्या छिंदवाडा गावात जानेवारी 2025 मध्ये एका ख्रिस्ती पास्टरचं निधन झालं. गावात दफन करायला विरोध झाला आणि मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात राहिला. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही. अखेर 27 जानेवारीला 20-25 किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश निघाला.

वाद कशाचा आहे?

इव्हँजेलिकल ख्रिस्ती मानतात की श्रद्धा हा ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि बायबलचा शब्द अंतिम आहे. त्यामुळे ते इतर देवांची पूजा करत नाहीत. गोंड-माडिया गावात मात्र देव, सण आणि दफनाची जागा सगळ्या गावाची असते. एक घर पूजेतून बाहेर पडलं, की ते नात्यातूनच बाहेर पडलं असं गावाला वाटतं.

कायदा काय सांगतो?

अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. 2004 मध्ये केरळच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, केवळ धर्मांतरामुळे हा दर्जा जात नाही. ती व्यक्ती जमातीच्या चालीरीती पाळते का, हे पाहावं लागेल. ‘डीलिस्टिंग’ची मागणी करणाऱ्यांना हेच बदलून हवं आहे.

1996 चा पेसा कायदा ग्रामसभेला परंपरा जपण्याचा अधिकार देतो, तर संविधानाचं कलम 25 व्यक्तीला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं. गडचिरोलीतल्या गावांसाठीही प्रश्न तोच आहे: प्रार्थना वेगळी झाली, तरी शेवटची माती गावचीच मिळेल ना?