अंगठा गेला, ओटीपी आला

दोस्तांनो, गोदीच्या गेटावर आणि वस्तीच्या नाक्यावर सध्या एकच प्रश्न चघळला जातोय : पैजेसाठी वेगळं खातं कोणत्या बँकेत उघडायचं? पोरं मला विचारतात. मी दहावी पास, वर कविता लिहितो, म्हणजे फॉर्म भरून देईन असा त्यांचा हिशोब. फॉर्म मी भरून देतो. पण त्याआधी चार गोष्टी ऐका, आणि त्या मी गोडीगुलाबीनं सांगणार नाही.

हे खूळ मूळचं इंग्लंडातलं. तिथं बुकी परवाना घेऊन राजरोस दुकान मांडतो. त्याला २००५ चा कायदा आहे. नवं गिऱ्हाईक यावं म्हणून तो एखादी पैज फुकट देतो. हुशार माणूस ती फुकटची पैज एका संघावर लावतो, आणि जिथं लोक आपसात पैजा लावतात अशा दुसऱ्या बाजारात त्याच संघाच्या विरुद्ध लावतो. समजा, फुकटची पैज दहा पौंडांची आणि भाव पाचाचा. संघ जिंकला तर बुकीकडून चाळीस पौंड. विरुद्ध बाजूला साडेसातच्या आसपास लावले की संघ जिंको नाहीतर हरो, सातेक पौंड सुटतात. यात नशीब नाही. बुकीच्या जाहिरातीच्या खर्चातला एक तुकडा तोडून घेतला, एवढंच.

पण ते सात पौंड सुटावेत म्हणून त्या दुसऱ्या बाजारात तीस-बत्तीस पौंड अडकवून ठेवावे लागतात. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसा पडून आहे, त्याचीच ही चलाखी. आणि बुकी काय दूधखुळा आहे? असा माणूस ओळखला की तो त्याच्या पैजांवर मर्यादा घालतो. हरणाऱ्याला मात्र तो दार कधी लावत नाही. या एका वाक्यात सगळा धंदा आला.

तिथला माणूस वेगळं खातं ठेवतो त्याला कारणं आहेत. हिशोब एका जागी राहतो. घरासाठी कर्ज मागताना खात्याचे उतारे दाखवावे लागतात. त्यात बुकीची नावं दिसली की बँकेच्या साहेबाच्या कपाळाला आठी पडते. आणि भाकरीचे पैसे खेळात जात नाहीत. पण ते खातं त्याच्या स्वतःच्या नावावर असतं, त्याच्याच ताब्यात असतं. हे नीट ध्यानात घ्या.

आता आपल्याकडे या. इथं १८८७ पासून जुगाराविरुद्ध कायदा आहे. इंग्रज गेला, कायदा राहिला. तरी महालक्ष्मीला घोड्यावर लावणारा शौकीन ठरतो आणि नाक्यावर आकडा लावणारा गुन्हेगार. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. आमच्या बापजाद्यांचं कौशल्य कुणी मोजलं? १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगतनं वरळीत मटका सुरू केला, १९६४ पासून रतन खत्रीनं आपला चालवला, आणि गिरणगावातला पगार ओपन-क्लोजमध्ये विरघळत गेला. पण त्या मटक्याला खातं लागत नव्हतं. चिठ्ठी फाडली की पुरावा संपला.

आजच्या जुगाराला खातं लागतं. आणि घात इथंच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशाचा व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढंच. नुसता खेळणारा शिक्षेतून बाहेर. बड्या कंपन्यांनी त्याच महिन्यात दुकानं आवरली. मग ‘पहिली पैज फुकट’ म्हणत फोनवर येतो तो कोण? परदेशात बसलेला चोरटा बुकी. त्याला स्वतःच्या नावावर पैसा घेता येत नाही. त्याला नाव लागतं. आणि आपल्या देशात सगळ्यात स्वस्त नाव कुणाचं, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे?

तो वस्तीत माणूस धाडतो. पासबुक दे, एटीएम कार्ड दे, सिम दे, महिन्याला काही हजार घे. पोराला वाटतं, खात्यात तसंही काही नाही, मग बिघडलं कुठं? बिघडतं ते असं. कुणा फसलेल्याचा पैसा त्या खात्यातून फिरतो, तो १९३० नंबरवर तक्रार करतो, आणि बँक खातं गोठवते. माझ्या टोळीतल्या एका पोराचं असंच झालं. त्याच खात्यात त्याचा पगार यायचा. तीन महिने पगार आत आणि पोरगं बाहेर. वर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस. बुकीचा पत्ता नाही, खातेदाराचा पत्ता मात्र आधारकार्डावर छापलेला.

आजा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचा. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. आपल्याला वाचता येतं, तरी आपण ओटीपी सांगून मोकळे होतो. शिकून मिळवलं काय मग? बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. पैसा कुणाच्या हातून कुणाच्या खिशात जातो, हे समजून घेणं हे आपलं काम आहे, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

तर वेगळं खातं उघडा. जरूर उघडा. पण पैजेसाठी नाही, पगारासाठी. मूळ बचत खातं मागा : त्याला किमान शिल्लक लागत नाही, महिन्यातून निदान चार वेळा पैसे फुकट काढता येतात. त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं चालत नाही, म्हणून रोजच्या खर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत ठेवा, नाहीतर पोस्टात. तिथं पाचशे रुपये लागतात. फोनवरून पैसे द्यायचं ते खर्चाच्या खात्यातूनच, आणि त्यात आठवड्यापुरतेच ठेवा. पगाराचं खातं फोनला जोडूच नका. जुनी झोपलेली खाती बंद करा; दलालाचा पहिला डोळा त्यांच्यावर असतो.

ज्यानं खातं आधीच भाड्यानं दिलंय, त्यानं लाजून घरात बसू नये. उद्याच बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, कार्ड आणि सिम बंद करावं, आणि एकट्यानं नाही, चार मित्र घेऊन पोलीस ठाण्यात जावं. आणि चळवळीनं मागणी लावून धरावी : वादातली रक्कम अडवा, मजुराचा सगळा पगार अडवू नका, आणि नाव विकत घेणाऱ्याला आधी धरा, विकणाऱ्याला नंतर.

सातबाऱ्यावर आपलं नाव नव्हतं. देवळाच्या वहीत नव्हतं. मोठ्या मारामारीनं ते मस्टरवर आलं, मतदारयादीत आलं, पासबुकावर आलं. ते हजार-दोन हजारात भाड्यानं द्यायचं नाही. बास.